अंबूबाईनं शिवलेल्या राती

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या चार दिवस आधी अंबूबाई माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा तिचा डावा डोळा काळानिळा झाला होता. मी तिला आत ये म्हणायच्या आधीच तिच्या नवऱ्याला शिव्या घालायला सुरुवात केली. पोलिसांत जाऊ, माझ्या ओळखीची वकीलबाई आहे, या वयात हात उगारतो म्हणजे काय, असं सगळं एका दमात बोलून घेतलं. लपवण्यात अर्थ नाही, मी साफ चुकले होते. तिचं सगळं गावही चुकलं होतं, पण त्यानं माझी चूक लहान होत नाही.

अंबूबाई वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवते. वारणानगरच्या अलीकडं तिचं गाव. वर्षातून दोनदा एस.टी.नं शहरात येते, राजारामपुरीतल्या आमच्या पाच-सहा घरांतून जुन्या साड्या गोळा करते आणि त्यांच्या वाकळा करून आणून देते. वय पासष्टच्या पुढं, शिक्षण चौथी, आवाज असा की तिसऱ्या घरातल्या माणसाला कळावं आज इथं कोण आलंय. माझ्या साड्यांबद्दल तिचं मत चांगलं नाही. "बाई, निस्त्या सिंथेटिक घेतासा. सुई आत जायाला नगं म्हनती," असं ती मला तोंडावर सांगते.

त्या दिवशीही तिनं मला तोंडावरच थांबवलं. "ओ बाई, जरा दम खावा की! मालक मला मारत न्हाईत. झोपेत हात उठतोय त्यांचा."

"सगळ्या बायका असलंच काहीतरी सांगतात," मी म्हटलं. "कुणी दारावर आपटलेली असते, कुणी जिन्यावरून पडलेली असते. झोपेत मारतो, हे तेवढं नवीन आहे."

"नवं हाय म्हनूनच कुनाला पटंना झालंय. निदान तुमी तर कालिजात शिकवलेल्या."

तिनं खाली बैठक मारली आणि सांगायला लागली. मी ऐकलं, पण मनातून विश्वास ठेवला नाही.

तिचा नवरा ज्ञानू. साखर कारखान्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला, अंगानं दणकट, स्वभावानं अगदी मऊ. दारू राहू दे, सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही. दीडेक वर्षापासून हा माणूस झोपेत ओरडायला लागला. "गवा आलाय! हाण! हाण!" त्यांच्या भागात डोंगरातून गवे खरोखरच उसात उतरतात, त्यामुळं पहिल्या खेपेला सगळी गल्ली काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन बाहेर पडली. दुसऱ्या खेपेलाही पडली. तिसऱ्या खेपेला पोरं हसली. त्यानंतर कुणी आलं नाही, आणि नंतरच्या महिन्यात अंबूबाईच्या दंडावर डाग दिसायला लागले. गावानं हिशेब सोपा केला. निवृत्त झाला, चोरून प्यायला लागला, पिऊन ओरडतो आणि बायकोला बडवतो.

हे वारणानगरला त्यांच्या मुलीच्या कानावर गेलं. क्रांती तिथं डेअरीच्या ऑफिसात काम करते, तिथंच राहते. एकुलती एक, आणि तोंडानं आईवर गेलेली. तिनं येऊन बापाला उभं-आडवं घेतलं. ज्ञानूनं एका शब्दानं स्वतःची बाजू घेतली नाही. घेणार कशी? सकाळी बायकोचं तोंड सुजलेलं दिसायचं, हात आपलाच होता, एवढंच त्याला कळत होतं. स्वप्नात तो तिला वाचवत असायचा. गवा तिच्या अंगावर येतोय आणि आपण त्याला ढकलतोय, असं त्याला दिसायचं. पण हे मुलीला काय सांगायचं! मग बायकोच्या डोळ्याला लागलं त्याच संध्याकाळी तो आपली वळकटी घेऊन गोठ्यात झोपायला गेला आणि उजव्या मनगटाला दावं बांधून दुसरं टोक खुंट्याला अडकवलं.

"जनावराला बांदत्यात, बाई. मानसाला न्हाय," अंबूबाई म्हणाली. तेवढं बोलताना तिचा आवाज खाली आला.

क्रांतीनं मुदत घातली होती. दिवाळीला मी आईला माझ्याकडं कायमची घेऊन जाणार, आबांनी गावात एकटं राहावं. आणि ज्ञानू म्हणाला होता, "घिऊन जा. तिला हितं ठिऊ नगंस." चव्वेचाळीस वर्षांचा संसार दिवाळीपर्यंत मोडणार होता. नवरा मारकुटा आहे म्हणून नव्हे, तो मारकुटा नाही हे कुणाला पटवता येत नव्हतं म्हणून.

"मला काय तुमची वकील नगं," ती उठता उठता म्हणाली. "मला फकस्त रंगीत दोरा पायजे. लाल, पांडरा. निळाबी असला तर द्या."

दोरा दिला, पण कशाला, हे मी विचारलं नाही. मी तिच्या डोळ्याकडंच बघत होते.

दोरा कशाला ते मला भाद्रपद संपल्यावर कळलं.

झालं होतं असं. अंबूबाईची थोरली जाऊ, जिला सगळे आक्काच म्हणतात, तिनं निदान करून टाकलं होतं. ज्ञानूला आवसेला, म्हणजे अमावस्येला, बाहेरचं धरतं. आवसेच्या रात्रीच हे होतं, बघा तुम्ही. लिंबू उतरून टाका, नारळ फोडा. गावातल्या अर्ध्या बायकांनी माना डोलावल्या. दुसरी एखादी असती तर तिनं लिंबू आणलं असतं, नाहीतर आक्काशी भांडण काढलं असतं. अंबूबाईनं यातलं काही केलं नाही. ती म्हणाली, "आवसेला हुतंय काय न्हाय, बगून तरी घिऊ की."

पाडव्याला तिनं नवी वाकळ धरली. नेहमीची पद्धत कडेनं शिवत आत जायची असते, ती सोडली आणि वीतभर रुंदीच्या आडव्या पट्ट्या आखल्या. एक पट्टी म्हणजे एक महिना. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी तीन बोटं जागा भरायची. रात्र शांत गेली तर पांढरा दोरा. ओरडला, हातपाय झाडले तर लाल. महिना आवसेला संपतो, म्हणून पट्टीचं शेवटचं घर आपोआप आवसेचं. सहा महिने झाले की वाकळीची उजवी कड बघायची, तिथं सगळ्या आवसा एकाखाली एक. आक्काचं खरं असेल तर कड लाल दिसेल.

चाळीस वर्षं मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. निरीक्षण करा, रोज करा, आपल्याला हवं ते लिहू नका, दिसलं ते लिहा, हे सांगताना माझा घसा बसला. पदवीच्या वर्गातली पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी महिनाभराच्या नोंदी एका बैठकीत लिहून आणायची. आणि इथं चौथी शिकलेली बाई सुजलेल्या गालानं सकाळी उठून सुईत दोरा ओवत होती!

अर्थात नोंद करायची तर नवरा नजरेसमोर पाहिजे. तिनं गोठ्यात जाऊन दावं सोडलं, वळकटी उचलली आणि त्याला घरात आणलं. तो येईना. "परत लागलं तर?" म्हणाला. "लागलं तर लागलं. मी काय मातीची हाय?" असं म्हणून तिनं खाट काढून उभी केली, त्याचं अंथरूण जमिनीवर घातलं, बाजूची पेटी हलवली, कोनाड्यातला विळा आणि अडकित्ता स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. भिंतीच्या बाजूनं कापसाच्या जुन्या गाद्या लावल्या. स्वतः चार हात लांब झोपली.

आणि बघत बघत तिला कितीतरी गोष्टी कळल्या. हे झोप लागल्या लागल्या होत नाही, पहाटेकडं होतं. उठून चालत नाही, डोळे मिटलेले असतात. अंगाला हात लावून उठवायला गेलं तर फटका बसतो, पण लांबून नावानं हाक मारली तर पटकन जागा होतो, शुद्धीवर असतो, आणि गवा कुठून आला, कसा आला ते सगळं नीट सांगतो. तिनं हाक मारायची ठरवली. त्यानंतर तिला एकदाही लागलं नाही.

सर्वपित्री आवस झाली आणि दोन दिवसांनी ती वाकळ खांद्यावर टाकून माझ्याकडं आली. तिनं ती माझ्या दिवाणखान्यात पसरली, आणि मी खाली बसले. गुडघे दुखतात, तरी बसले. उजव्या कडेला सहा घरं. पाच पांढरी, एक लाल.

"आक्काची आवस सपली," ती म्हणाली.

मधे कुठंतरी चार घरं निळी होती. मी विचारलं, हे काय?

"त्या राती मलाच डोळा लागला. काय झालं, काय न्हाय, मला ठावं न्हाय. ठावं न्हाय ते निळं."

मी सरळ फोन उचलला आणि माझी बारावीची जुनी विद्यार्थिनी शिवांजली, जी आता मेंदूची डॉक्टर आहे, तिची वेळ घेतली.

शुक्रवारी दवाखान्यात सगळे आले. ज्ञानू इस्त्रीचा सदरा घालून, मान खाली. क्रांती हाताची घडी घालून भिंतीला टेकलेली. तिच्या मते हे सगळं बापाच्या दारूवर पांघरूण होतं आणि मी शिकलेली बाई त्यात सामील झाले होते. तिनं मला तसं बोलूनही दाखवलं. मला राग आला नाही. पाडव्याआधी मीही तेच म्हणत होते.

शिवांजली कुरुंदवाडकडची, बोलायला गोड आणि विचारायला चिवट. "आजी, आठवड्यातनं किती वेळा होतं हे?" तिनं विचारलं. हा प्रश्न ऐकला की लोक "होतं की, बरेचदा" म्हणतात. अंबूबाईनं वाकळ काढून तपासायच्या टेबलावर अंथरली.

शिवांजली उठून उभी राहिली. पट्ट्या कशा वाचायच्या ते अंबूबाईनं सांगितलं. मग बराच वेळ खोलीत फक्त शिवांजलीचं बोट सरकत होतं. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, प्रत्येक पट्टीत पाच-सहा लाल घरं. आषाढात बोट थांबलं. तिथून खाली लाल एकदम दाट झालं होतं, एकाआड एक, कुठं सलग तीन.

"आषाढात काय झालं?" तिनं विचारलं. "नवीन काही? एखादी गोळी?"

अंबूबाईनं नाही म्हणून मान हलवली. ज्ञानूनं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि त्यातली गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. "ही हाय. पोरीनं आणून दिल्ती."

क्रांतीची हाताची घडी सुटली. आबा गप्प गप्प असतात, चिडके झालेत, असं तिनंच वारणेच्या बाजूच्या एका डॉक्टरला सांगितलं होतं, आणि उदासीवरची गोळी लिहून घेतली होती. बापाचं भलं व्हावं म्हणूनच.

"गोळी वाईट नाही," शिवांजली तिला म्हणाली. "पुष्कळांना चांगली लागू पडते. पण आजोबांना जो त्रास आहे तो या जातीच्या गोळीनं वाढू शकतो. बदलू आपण ती, हळूहळू. एकदम बंद करायची नाही. आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नका, त्रास आधीपासून होताच. ह्या वरच्या तीन पट्ट्या बघा ना."

मग तिनं समजावून सांगितलं. स्वप्न पडतं तेव्हा मेंदू अंगाला लुळं करून ठेवतो. म्हणून आपण स्वप्नात पळतो आणि पाय जागचे हलत नाहीत. ज्ञानूच्या मेंदूत ही सोय बिघडली आहे. स्वप्नात तो जे करतो ते अंगही करतं. दारू नाही, राग नाही, बाहेरचं काही नाही. हा झोपेचा आजार आहे, त्याला नाव आहे, आणि बहुतेक बायका अंगावरचे डाग लपवतात म्हणून तो डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही.

ज्ञानू इतका वेळ जमिनीकडं बघत होता. त्यानं मान वर केली. "म्हंजे डाक्टर, मी हिला मारत न्हवतो?"

"नाही आजोबा. तुम्ही गव्याला मारत होता."

त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. मग पुन्हा पुसलं. मला रडारड सोसत नाही, मी खिडकीतून बाहेर बघायला लागले. मागून क्रांतीचा आवाज आला, "आबा..." अंबूबाई म्हणाली, "आता बास. डाक्टरनीचा येळ जातोय."

पण शिवांजलीचं विचारून संपलं नव्हतं. "आजोबांना वास येतो का नीट?"

"वास?" अंबूबाई म्हणाली. "फोडनी करपून घर धुरानं भरलं तरी ह्यांना पत्त्या न्हाय. दोन वर्सं झाली असतील."

शिवांजलीनं ज्ञानूला हात पुढं करायला लावले, बोटं उघडझाप करायला लावली, खोलीत चालवून बघितलं. हात स्थिर होते. मग ती खुर्ची ओढून दोघांच्या समोर बसली आणि तिनं खरं ते सांगितलं. हा झोपेचा त्रास कधीकधी मेंदूनं पुष्कळ आधी दिलेली सूचना असते. अशा बऱ्याच जणांना पुढं काही वर्षांनी हाताला कंप सुटतो, चाल मंदावते, काहींना विसर पडायला लागतो. सगळ्यांना नाही. कधी, ते सांगता येत नाही. तो आजार नक्की थांबवेल असं औषध आज नाही. पण रोज चालणं, व्यायाम, माणसांत राहणं यांचा उपयोग होतो, आणि दरवर्षी तपासलं तर सुरुवात लवकर पकडता येते.

मी अंबूबाईकडं बघत होते. नवरा निर्दोष ठरला त्याच खुर्चीवर तिला हेही ऐकावं लागलं, आणि मधे दहा मिनिटंही गेली नव्हती.

तिनं विचारलं, "किती चालायचं?"

"तासभर."

"सकाळी का संद्याकाळी?"

बस्स, एवढंच. पुढं रात्रभर तारा लावून करायची झोपेची तपासणी झाली, तिच्यातही तेच निघालं. झोपताना घ्यायची एक छोटी गोळी सुरू झाली. दिवाळीला क्रांती गावी आली ती आईला न्यायला नव्हे, फराळाला. पण अंबूबाईचं काम तेवढ्यावर भागलं नव्हतं. घरातलं मिटलं होतं, गावातलं मिटलं नव्हतं. ज्ञानू अजून पाराकडं जात नव्हता. तासभर चालायचं तर गावातूनच जावं लागतं, आणि तो घरामागच्या परड्यातल्या परड्यात फेऱ्या मारत होता.

तिनं शिवांजलीकडून एक कागद मागून घेतला होता. मराठीत, मोठ्या अक्षरात. "विंग्रजी लिवलं तर म्हनत्याल, भानगड लपिवली." शिवांजलीनं तिच्यासमोर बसून अर्धं पान लिहून दिलं आणि खाली सही-शिक्का मारला. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी बचत गटाची बैठक होती. अंबूबाईनं मला बोलावलं. मी गेले, मागं बसले.

वीस-बावीस बायका होत्या. मोना म्हणून गटाची अध्यक्ष आहे, चुणचुणीत, तिशीतली. ज्ञानूवर तक्रार द्यावी असा ठराव तिनंच मांडला होता. अंबूबाईनं कागद नेमका तिच्याच हातात दिला.

"वाच. मोट्यानं वाच."

"मावशी, मी नंतर..."

"ठराव मोट्यानं वाचल्तास न्हवं? मग ह्येबी वाच."

मोनानं वाचलं. सुरुवातीला पटपट, मग सावकाश. "श्री. ज्ञानू यांना झोपेचा आजार आहे. ते झोपेत जे करतात त्यावर त्यांचा ताबा नसतो. त्यांच्या हातून पत्नीला झालेली इजा ही मारहाण नव्हे. या आजाराचा संबंध मेंदूशी आहे, दारूशी किंवा बाहेरच्या बाधेशी नाही."

अंबूबाई उभी राहिली. "वाईट तुमी केलं न्हाय. माजा डोळा बगून तुमी गप बसला असता तर मी तुमाला नावं ठेवली असती. उद्या दुसरीचा डोळा असा दिसला तर जावाच तिच्या घरी. पर आधी तिला इचारा, आनि ती काय सांगती ते ऐका. माजं कुनीच ऐकलं न्हाय."

कोपऱ्यातून आक्का म्हणाली, "म्हंजे आवसेचं काय न्हाईच?"

"काय न्हाई, आक्का. मोजून बगितलंय."

"मंग आमचं मालक घोरत्यात आनि मदीच दम बंद हुतोय त्यांचा, ते काय असंल गं?" आक्कानं आवाज खाली आणून विचारलं. हशा पिकला, पण अंबूबाई हसली नाही. "त्येबी दाखवायचं. मी येतो संगं," म्हणाली. तिथंच आणखी दोघींनी आपापल्या घरातलं सांगायला सुरुवात केली. झोपेची गोष्ट आपल्याकडं कुणी डॉक्टरला सांगत नाही. साखर सांगतात, रक्तदाब सांगतात, झोपेचं विचारलं की हसतात. मेंदू रात्री काय करतो याच्याशी जणू आपला संबंध नाही! त्या दिवशी त्या बायका हसायच्या थांबल्या, एवढं मी बघितलं.

ज्ञानू बाहेर होता. बायकोला सोडायला आला होता आणि चपलांजवळ, दाराआड उभा होता. मोनाच्या ते लक्षात आलं. ती कागद हातात घेऊनच उठली, बाहेर गेली आणि म्हणाली, "काका, आत या. च्या घ्या."

"नगं, नगं. बायकांची मिटिंग हाय."

"या म्हनते न्हवं! मी चुकले, काका."

तो आत आला, दाराशी टेकला. कुणीतरी कप दिला. तो दोन्ही हातांनी धरून प्यायला. मग अंबूबाई त्याला म्हणाली, "झाला न्हवं च्या? चला. तासभर चालायचं हाय, आनि आज गावातनं जायाचं."

आणि दोघं पाराच्या बाजूनं, भर चौकातून, चालायला लागली.